कागदाच्या थरांत जंगल: नागपुरात घरबसल्या थरचित्रांचा व्यवसाय कसा उभा करावा

एप्रिलमध्ये मी पळसाची एक फ्रेम केली होती. कापलेल्या कागदाचे सहा थर एकामागे एक, मधे पोकळ्या, मागे फिकट टेकडी, पुढे फुललेली फांदी. मे महिन्यात ती त्रिमूर्तीनगरातल्या एका घरी गेली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ताईंचा फोन आला, "फांदी काचेला चिकटली हो." जाऊन पाहिलं, तर फ्रेम कूलरच्या बरोबर समोरच्या भिंतीवर टांगलेली. एप्रिलच्या कोरड्या हवेत कापलेला कागद कूलरचा ओलावा पिऊन फुगला होता. चारही बाजूंनी पक्का चिकटवलेला असल्यामुळे त्याला पसरायला जागाच नव्हती. तो मधून पुढे आला आणि थरांमधली पोकळी गेली. पोकळी गेली की सावली जाते, आणि सावली गेली की उरतो तो नुसता रंगीत कागद.

या कामात गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या सावलीचे. म्हणून हा लेख कापण्यापेक्षा कागद, हवा आणि हिशेब यांवर जास्त आहे. कापणं सरावाने येतं. बाकीचं कोणी सांगितलं नाही तर नुकसान सोसूनच शिकावं लागतं.

आधी झाड बघा, मग कागद उचला

निसर्गावरचं काम विकायचं असेल तर आपल्याकडे ते ओळखणारी माणसं भरपूर आहेत. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा ही सगळी जंगलं इथून एका दिवसाच्या टप्प्यात. तुमच्या स्टॉलवर येणाऱ्यांत जंगलातले गाईड असतात, पक्षी बघणारे असतात, खेड्यातून शहरात आलेली माणसं असतात. पहिल्या वर्षी मी फुलांनी लगडलेल्या पळसाला हिरवी पानं काढली होती. एका गाईडदादांनी फ्रेम हातात घेतली आणि शांतपणे म्हणाले, "ताई, फुलावर आलेल्या पळसाले पानं नसते ना जी." पळसाला पानं तीनच हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ती कधी गळतात हे बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मी फेब्रुवारी-मार्चमध्ये रामटेक आणि उमरेडच्या रस्त्याने जाऊन बसते. पळसाचं फूल जवळून पाहा. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, म्हणून तर त्याला किंशुक म्हणतात. देठाजवळचा पेला काळपट आणि मखमली. कागदात हे दोनच तुकड्यांत साधतं: काळपट तपकिरी पेला पुढे, केशरी चोच त्याच्या मागे दोन मिलिमीटरवर. उलटं लावलं तर फूल सपाट दिसतं.

शहरातही विषय कमी नाहीत. फुटाळ्यावरची संध्याकाळ, अंबाझरीच्या काठचे बगळे, सेमिनरी हिल्सची झाडी, गोरेवाड्याचं पाणी. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, ताम्हण राज्यफूल, नीलवंत राज्यफुलपाखरू. या तिन्हींच्या छोट्या फ्रेमा वर्षभर मागितल्या जातात. वाघाचा चेहरा मात्र सुरुवातीला टाळाच. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आणि ताडोबाचे चाहते पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. अंदाजाने काढलेला वाघ त्यांना लगेच खटकतो. आणि कुणाचा फोटो समोर ठेवून हुबेहूब कापायचं तर त्या छायाचित्रकाराची लेखी परवानगी हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटोवर हक्क त्याचा असतो. नेटवरून उतरवलेल्या तयार डिझाइनलाही हेच लागू. स्वतः काढलेले फोटो आणि स्केचवही पुरेशी होते.

कागद: तराजू, धान्य आणि ऊन

कागदाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅमचा. थरांसाठी १८० ते २२० जीएसएमचा रंगीत कार्डशीट घ्या. बारीक पाती आणि पिसांसाठी १२० चालतो, मागच्या आकाशाला २५० ते ३०० हवा. बर्डीवर किंवा इतवारीत दुकानदार "दोनशेचाच आहे" म्हणतो तेव्हा विश्वास ठेवा, पण घरी येऊन मोजा. ए-४ चे १६ कागद मिळून जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर होतो. म्हणून १६ कागद स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. जितके ग्रॅम, तितका जीएसएम. मला एकदा "दोनशेचा" म्हणून दिलेला कागद १६५ भरला होता, आणि त्याच्या फांद्या सगळ्या लोंबल्या होत्या.

दुसरी गोष्ट कागदाच्या धान्याची. कागद बनताना त्यातले तंतू एकाच दिशेने पडतात, त्या दिशेला धान्य म्हणतात. ओलावा लागला की कागद धान्याच्या आडव्या दिशेला जास्त पसरतो. ओळखायचं असं: त्याच कागदाच्या बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. दोन्ही एकाच टोकाला धरून हवेत ठेवा. जी कमी लोंबते तिच्यात धान्य लांबीच्या दिशेने आहे. एका फ्रेममधल्या सगळ्या थरांचं धान्य एकाच दिशेला ठेवा, म्हणजे फुगले तरी सगळे सारखे फुगतील.

तिसरी चाचणी उन्हाची. प्रत्येक नव्या रंगाचा तुकडा घ्या, अर्धा काळ्या कागदाने झाका आणि पश्चिमेच्या खिडकीत पंधरा दिवस ठेवा. नागपूरचं मेचं ऊन ही फुकटात मिळालेली प्रयोगशाळाच आहे. जांभळे आणि गुलाबी रंग बरेचदा तिथेच हार मानतात. जो उतरला तो विकायच्या कामात वापरू नका.

कूलर, पावसाळा आणि थर

आपल्याकडे वर्षभरात कागदाचे दोन वैरी येतात. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे जातो, हवा इतकी कोरडी होते की कागद ठिसूळ होतो आणि बारीक वळणावर पातं लागताच तंतू उचकटतात. घरात मात्र कूलर चालू, म्हणजे भिंतीपलीकडे वाळवंट आणि आत दमट. मग जुलै-ऑगस्टमध्ये सगळंच दमट.

यावर मी जे करते ते असं. कामाच्या खोलीत साधं आर्द्रतामापक यंत्र लावलं आहे. ते महाग नसतं. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हाच मोठे थर कापते आणि चिकटवते. कूलरच्या खोलीत कागद उघडा ठेवत नाही, कापायच्या दिवसांत कूलर शेजारच्या खोलीत. कागद झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पिशवीतून काढला की एक दिवस खोलीत मोकळा ठेवायचा, मग पातं लावायचं. पावसाळ्यात कोरा कागद कपाटाच्या खालच्या खणात ठेवू नका, कसर आधी तिथेच लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: थर चारही बाजूंनी पक्का चिकटवू नका. वरची कड पूर्ण चिकटवा, दोन्ही बाजूंना अंतराअंतरावर गोंदाचे टिपके, खालची कड मोकळी. कागद खाली पसरतो, पुढे येत नाही. त्या त्रिमूर्तीनगरच्या फ्रेमनंतर मी सगळ्या फ्रेमा अशाच करते, आणि तशी तक्रार पुन्हा आली नाही.

थर रचायचे कसे

दूरचं फिकं, जवळचं गडद, हा पाया. आपल्या भागात उन्हाळ्यात दूरच्या टेकड्या निळ्या दिसत नाहीत, धुळीमुळे पिवळसर राखाडी दिसतात. रामटेकची टेकडी दूरवरून दुपारी चारला बघा. निळ्या टेकड्यांचं चित्र हिमालयाचं वाटतं, आपलं वाटत नाही. या नियमाला एक सुंदर अपवाद आहे: कांडोळ, ज्याला जंगलात सगळे भुताचं झाड म्हणतात. त्याचं खोड पांढुरकं चमकतं, म्हणून ते पुढच्या थरात पांढरं ठेवा आणि मागचं जंगल गडद. ही फ्रेम माझ्याकडून सगळ्यात जास्त विकली गेली आहे.

पाच ते सात थर पुरे. प्रत्येक थर एकच सलग तुकडा असला पाहिजे. तुटक पानं हवेत तरंगू शकत नाहीत, त्यांना फांदीशी जोडणारा पूल लागतो. २०० जीएसएममध्ये पुलाची रुंदी दोन मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. स्केच कागदाच्या मागच्या बाजूला उलटं काढा, म्हणजे पेन्सिल पुढे दिसत नाही. कापताना आधी आतल्या लहान खिडक्या, मग मोठ्या, बाहेरची कड शेवटी. कड आधी कापली तर कागद हलतो. वळणावर हात फिरवू नका, कागद फिरवा. तीस अंशांचं पातं बारीक कामाला बरं. पातं कागद ओढायला लागलं की लगेच बदला, त्यात कंजुषी करू नका. जुनी पाती पत्र्याच्या डबीत साठवा, कचऱ्यात उघडी टाकू नका. कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात.

थरांमधल्या अंतरासाठी फोमच्या दुहेरी टेपवर सगळा भार टाकू नका. मेमध्ये पार्सलच्या गाडीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये टेपचा गोंद मऊ होतो आणि थर घसरतात. मी ३ आणि ५ मिलिमीटर सनबोर्डच्या, म्हणजे हलक्या प्लॅस्टिक पाटीच्या, पट्ट्या कापून लावते. सनबोर्ड ओलावा पीत नाही. चिकटवायला फेव्हिकॉल, पण पातळ न करता, अगदी थोडं; गोंदातलं पाणी जास्त झालं की कागदाला लाटा येतात.

फ्रेम आतून किती खोल हवी याचा हिशेब कापण्याआधी करा. सहा थर म्हणजे पाच पोकळ्या: मागच्या तीन ३ मिलिमीटरच्या, पुढच्या दोन ५ च्या, मिळून १९. शेवटचा थर आणि काचेऐवजी लावायचं पारदर्शक प्लॅस्टिक, म्हणजे अॅक्रिलिक यांत ५, कागदांची जाडी साधारण दीड, मागचा बोर्ड ३, अॅक्रिलिक २. एकूण साडेतीस. म्हणून फ्रेमवाल्याला आतली खोली ३२ ते ३५ मिलिमीटर सांगा, "डीप फ्रेम द्या" एवढंच सांगू नका. फ्रेमची कड कागदाचा थोडा भाग झाकते, तेव्हा चारही बाजूंना १० मिलिमीटर कोरी जागा सोडा. चिकटवण्याआधी सगळे थर सुट्या पट्ट्यांवर रचा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च वरून तिरका धरा. घरात उजेड बहुतेक वरूनच येतो. सावली जिथे मरते तिथलं अंतर वाढवा.

किंमत, जी मी दोन वर्षं चुकीची लावली

प्रत्येक फ्रेमचे तास लिहा. वही ठेवा, स्केचपासून पॅकिंगपर्यंत. माझ्या वहीतली एक ए-४ फ्रेम: कागद ६० रुपये, सनबोर्ड आणि गोंद ९०, फ्रेम आणि अॅक्रिलिक ३८०, पॅकिंग ७०, पाती २०. सामान ६२०. वेळ ७ तास, त्यात डिझाइनच्या वेळेचा या नगाच्या वाट्याला येणारा भागही आला. तासाला १५० धरले तर १,०५०. दोन्ही मिळून १,६७०. वीज, कापायची मॅट, फोन, स्टॉलचं भाडं यांसाठी १५ टक्के, म्हणजे २५०. झाले १,९२०. हा नफा नाही, ही लागत, म्हणजे बनवायला आलेला खर्च आहे. तुमचे आकडे वेगळे येतील, पण ओळी याच ठेवा.

यावर २० टक्के नफा चढवून मी २,३०० ला विकायला लागले आणि खूश होते. मग एका दुकानाने ३० टक्के कमिशनवर फ्रेमा ठेवल्या. हातात आले १,६१०. म्हणजे प्रत्येक फ्रेममागे मी ३१० रुपये स्वतःच्या खिशातून घालत होते. घरून स्वस्त आणि दुकानात महाग असं करता येत नाही. दुकानदाराला कळलं की तो माल परत करतो, आणि त्याचं बरोबरच असतं. म्हणून किंमत अशी लावायची की कमिशन गेल्यावरही लागत निघावी: १,९२० भागिले ०.७, म्हणजे सुमारे २,७४३. मी ती २,८०० केली. विक्री थोडी मंदावली, पण महिन्याच्या शेवटी पहिल्यांदा हातात पैसे उरले.

२,८०० सगळ्यांना परवडत नाहीत हे मान्य. त्यासाठी खालच्या पायऱ्या हव्यात: बुकमार्क, दोन थरांची शुभेच्छापत्रं, पाच बाय सात इंचाची तीन थरांची छोटी फ्रेम. हे नग एकेक करून बनवू नका, एका बैठकीत पंधरा-वीस करा. हवं तर लेझरवाल्याकडून कापून घ्या; लग्नपत्रिका आणि एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाट्यांचं) काम करणारे मिनिटावर पैसे घेतात. लेझरने कड तपकिरी जळते, म्हणून तिथे गडद कागदच द्या. आणि मशीनवर कापलेलं असेल तर लेबलवर तसं लिहा. हाताने कापलेलं म्हणून मशीनचं विकणं म्हणजे फसवणूक, आणि जवळून पाहणाऱ्याला ते दिसतंच.

कागदपत्रं, थोडक्यात

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर होते आणि ती मोफत आहे. पैसे मागणाऱ्या तशाच दिसणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा. २० पेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने कायद्याखाली धंद्याची (गुमास्त्याची) फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून असे नोंदणी नसलेले छोटे विक्रेतेही नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन बाजारपेठांवर राज्यात विकू शकतात. राज्याबाहेर माल पाठवायचा तर नियम बदलतात; पहिलं पार्सल जाण्याआधी सीएकडे एकदा बसा. बँक खातं वेगळं ठेवा. मशीन घ्यायचं असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण वहीत सहा महिन्यांची विक्री दिसल्याशिवाय कर्ज काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठे आणि कधी विकायचं

आपलं वर्ष जंगलाच्या वर्षाशी जुळतं. व्याघ्र प्रकल्पांचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, तेव्हा पेंचच्या सिल्लारी-खुर्सापारकडच्या किंवा ताडोबाच्या मोहर्लीच्या रिसॉर्टमधली विक्री जवळपास थांबते. ते तीन महिने दिवाळीच्या भेटींसाठी माल करायचा. ऑगस्टमध्ये ऑर्डर घ्या, दसऱ्यानंतर नवीन घेऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मेळाव्यांचे दिवस. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हस्तकलेची माणसं जमतात, तिथे आधी गिऱ्हाईक म्हणून जा, कोण काय किमतीला विकतंय ते बघा, मग स्टॉलचा विचार करा. तान्ह्या पोळ्याला मी कागदी थरांचा छोटा नंदी करते. मुलांच्या लाकडी नंदीची जागा तो घेत नाही, पण बाहेरगावी राहणाऱ्या नागपूरकरांना तो टपालाने पाठवायला फार आवडतो.

स्टॉलवर एक फ्रेम उघडी ठेवा, अॅक्रिलिकशिवाय, आणि लोकांना बाजूने डोकावू द्या. फोटोतही तेच: समोरून एक, बाजूने एक, खिडकीच्या तिरक्या उजेडात. फ्लॅश मारला की सावली मरते आणि फ्रेम छापील पोस्टरसारखी दिसते.

ऑर्डरच्या कामात निम्मे पैसे आगाऊ, स्केचला व्हॉट्सअॅपवर लेखी होकार, दोन बदल मोफत, तिसऱ्याला पैसे. एका रिसॉर्टच्या बारा फ्रेमा मी तोंडी शब्दावर करून दिल्या आणि सात महिने फोन करत राहिले. तेव्हा माझी उद्यम नोंदणी नव्हती. ती असती तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार नसतानाही १५ दिवसांत, आणि लेखी करार असता तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं त्यांच्यावर बंधनकारक झालं असतं आणि उशिराचं व्याजही मागता आलं असतं. आता प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापलेली असते.

पार्सल आणि त्यानंतर

बाहेरगावी जाणाऱ्या फ्रेमला काच लावू नका, २ मिलिमीटरचं अॅक्रिलिक लावा. चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन, वर बबल रॅप, मग खोकं, आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मधे सगळीकडून दोन बोटं जागा कागदाने दाबून भरलेली. बंद केल्यावर हलवून कान लावा. आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा. मेमध्ये शक्यतो सोमवारी पाठवा, म्हणजे पार्सल रविवारी तापलेल्या गोदामात पडून राहत नाही.

फ्रेमच्या मागच्या बाजूला कडेने टेप मारून फट बंद करा, कसर तिथूनच शिरते. त्या टेपवर मी एक लेबल लावते. त्यावर चित्राचं नाव, महिना आणि वर्ष, कागदाचा जीएसएम, हाताने की मशीनने कापलं ते, आणि खाली ठळक अक्षरांत: कूलरच्या वाऱ्यासमोर आणि थेट उन्हात लावू नये. त्याखाली माझा नंबर, कारण थर ढळला तर पहिल्या वर्षात मी तो फुकट नीट करून देते. त्रिमूर्तीनगरच्या ताईंची फ्रेमही मी तशीच उघडून नवीन पट्ट्यांवर बसवून दिली. आता ती त्यांच्या आतल्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीवर आहे.